साहेबाच्या गळ्यातला दोर

न्हाव्याच्या दुकानावरून हातबाई जाताना दिसल्या, की न्हाव्याची कोपरं आपोआप खाली यायची. गिऱ्हाईकाच्या एका गालावर साबण, दुसरा गाल साफ, आणि हा गृहस्थ वस्तरा धरून, कोपरं बरगड्यांना लावून, मनगटं सरळ करून ताठ उभा. हातबाई पुढच्या वळणावर दिसेनाशा झाल्या की सुटकेचा श्वास टाकून तो पुन्हा कामाला लागायचा. गिऱ्हाईकानं विचारलंच तर म्हणायचा, "लहानपणी त्यांच्याकडे घोड्यावर बसायला शिकलो. घोडा विसरलो, बाई विसरलो नाही."

बँकेतल्या कारकुनाचं तेच, दातांच्या डॉक्टरीणबाईंचं तेच. गावातली निम्मी माणसं लहानपणी त्या रिंगणात गोल गोल फिरली होती, आणि मधोमध उभ्या असलेल्या काटकुळ्या बाईनं त्यांच्यावर एकच शब्द पुन्हा पुन्हा फेकला होता, "हात!" हात वर गेले तरी हात, मागे ओढले तरी हात, सैल सुटले तरी हात. त्यावरून नाव पडलं हातबाई. खरं नाव शाळेच्या पाटीवर रंगवलेलं होतं, पण पाट्या वाचतो कोण!

घोडेस्वारीची ती शाळा म्हणजे काही फार मोठं प्रकरण नव्हतं. भुसा अंथरलेलं एक रिंगण, भोवती लाकडी कठडा, दहाबारा घोड्यांचा तबेला आणि तबेल्याच्या टोकाला सामानाची खोली. तिच्यावरच्या मजल्यावर हातबाईंचं घर. पण त्यांना घरी शोधायला जाणारा माणूस नवखा समजावा. त्या सापडायच्या सामानाच्या खोलीत. तिथं भिंतीवर लाकडी खुंट्या होत्या आणि प्रत्येक खुंटीवर एकेका घोड्याचा लगाम होता. कातड्याचा साबण, घाम आणि वाळलं गवत यांचा मिळून एक वास त्या खोलीला होता. तो हातबाईंच्या केसांना यायचा, उशांच्या अभ्र्यांना यायचा. लग्नाच्या दिवशीसुद्धा येत होता असं त्यांचे यजमान सांगायचे. त्यांची त्याबद्दल तक्रार नव्हती, कारण त्यांच्या स्वतःच्या अंगाला जळलेल्या खुरांचा वास यायचा.

यजमान नालबंद. घोड्यांना नाल ठोकायला ते पहिल्यांदा शाळेत आले, तेव्हा एका घोडीचा मागचा पाय मांडीत घेऊन कानस मारत बसले होते. मागून आवाज आला, "हात हलके!" नालबंदांनी मान न वळवता उत्तर दिलं, "खूर आहे बाई हे, लोणी नाही." त्या दिवशी दोघं भांडले. पुढच्या खेपेला पुन्हा भांडले. त्यानंतरची एक खेप नालबंदांनी चुकवली, तर हातबाईंचं कशात लक्ष लागेना आणि त्या उगाच घोड्यांवर खेकसत फिरल्या. लग्न ठरायला तेवढं पुरलं.

त्या वेळी शाळा मोठ्या मास्तरांची होती. हातबाईंचे वडील कोळशाची घोडागाडी हाकायचे, तेव्हा घोडा काही मुलीला नवा नव्हता, पण घोड्यावर बसणं ही पैसेवाल्यांची चैन. हातबाई तिथं लागल्या त्या लीद उचलायला. मोठ्या मास्तरांची एक पद्धत होती. नव्या माणसाच्या हातात ते लगाम देतच नसत. लगामाच्या कातडी पट्ट्या काढून त्या जागी शिवणाचा साधा दोरा बांधायचे. त्या दोऱ्यावर घोडा चालवायचा, वळवायचा, थांबवायचा, आणि दोरा तुटता कामा नये. तुटला, की खाली उतरून लीद काढायला जायचं. चांगली धट्टीकट्टी माणसं महिनोनमहिने लीद काढत राहिली. एक दिवस गंमत म्हणून मास्तरांनी लीद काढणाऱ्या मुलीला वर बसवलं. तिनं सगळं रिंगण चालीनं काढलं, मग दुडकीनं काढलं, उलटसुलट वळली, मधोमध येऊन थांबली. दोरा जसाच्या तसा. मास्तर कठड्याला टेकून बघत होते. सामानाच्या खोलीत गेले, स्वतःचा लगाम घेऊन आले आणि तिच्या हातात ठेवला. "जप," एवढंच म्हणाले.

हातबाईंनी जपला म्हणजे किती जपला! लगामातली जी लोखंडी दांडी घोड्याच्या तोंडात जाते, ती थंडीच्या दिवसांत पहाटे बर्फासारखी गार पडते. घोड्याच्या जिभेला तो चटका बसू नये म्हणून हातबाई आधी ती दांडी स्वेटरच्या आत काखेत धरायच्या आणि तशाच अवघडून एका हातानं खरारा करायच्या. दांडी अंगाइतकी ऊबदार झाली की मगच घोड्याच्या तोंडात. नालबंद दारातून बघायचे आणि म्हणायचे, "आमचा चहा कधी एवढ्या मायेनं गरम ठेवला नाही कुणी!"

ते दिवस हातबाईंना पुन्हा पुन्हा आठवायचे. उजाडता उजाडता कालव्याच्या काठानं निघायची ती रांग, घोड्यांच्या नाकातून निघणारी वाफ, मागे कुजबुजणारी शिकाऊ मंडळी, आणि सगळ्यांच्या पुढे आपण. हातात दोन पट्ट्या, पट्ट्यांच्या टोकाला एका जिवंत तोंडाची बारीक हालचाल. बोटांना ती कळायची. घोडा काय विचार करतोय ते घोड्याच्या आधी बोटांना कळतं, असं त्या म्हणायच्या. जरा फुशारकी होती, पण खोटं वाटत नसे.

मास्तर गेले, शाळा हातबाईंकडे आली. मग साहेब आला. साहेब म्हणजे करडा घोडा. तपासणीला आलेल्या अधिकाऱ्यासारखा मान वर करून, इकडेतिकडे नापसंतीनं बघत चालायचा, म्हणून साहेब. तोंडाचा फार नाजूक. कुणी लगाम जरासा ओढला की जागच्या जागी उभा राहायचा, मग टाच मारा नाहीतर हातापाया पडा. तीन मालक फिरून तो या शाळेत आला होता. हातबाईंच्या हाताखाली मात्र तो असा चालला, की बघणारे बघत राहिले. "याला फक्त हात पाहिजे होता," हातबाई म्हणाल्या, आणि त्या दिवशी त्यांना जेवण गेलं नाही आनंदानं.

इथपर्यंत सगळं छान होतं. मग लेक मोठी झाली.

लेक आईच्याच वळणावर गेलेली. तशीच काटकुळी, तशीच हट्टी, तशीच पहाटे उठणारी. हातबाईंचे गुडघे कुरकुरायला लागले तशी रिंगणातली शिकवणी हळूहळू लेकीनं घेतली. भांडण लागायचं निमित्त झालं एका तांबड्या घोडीच्या दाताचं. घोडीची दाढ किडली, जनावरांच्या डॉक्टरनं ती काढली आणि तोंडात महिनाभर काही घालू नका म्हणून सांगितलं. महिनाभर घोडी नुसती उभी ठेवायची का? लेकीनं घोडीच्या गळ्यात एक सुती दोर सैलसर अडकवला आणि तोंडात काहीही न घालता वर बसली. घोडी चालली. वळली. थांबली. महिना संपला, दाढेची जखम भरली, पण लेक काही लगाम घालायचं नाव घेईना. आधी ती घोडी, मग दुसरी, मग शिकायला येणारी मुलं. एका सकाळी हातबाई सामानाच्या खोलीत गेल्या तर सगळेच्या सगळे लगाम खुंट्यांवर, आणि बाहेर रिंगणात सात घोडे गळ्यात दोर घालून फिरतायत.

"ही शाळा आहे का सर्कस?" हातबाई कठड्यापाशी जाऊन कडाडल्या. सात मुलांची चौदा कोपरं खाली आली.

"आई, तास संपल्यावर बोलू," लेक म्हणाली.

"घोडा उधळला तर काय धरशील? दोर? गुरं बांधतात दोरानं! हातात काही नाही आणि म्हणे शिकवतेय!"

तास संपल्यावर बोलणं झालं ते सामानाच्या खोलीत, दार लावून, पण वरच्या मजल्यावर नालबंदांना शब्दन् शब्द ऐकू आला. हातबाईंनी मोठ्या मास्तरांना मध्ये आणलं, त्यांच्या लगामाला मध्ये आणलं, आपल्या सगळ्या आयुष्याला मध्ये आणलं. लेक बराच वेळ ऐकत होती. मग तिच्या तोंडून निघून गेलं, "त्याच्या तोंडात लोखंड घालायचं आणि माझे हात किती मऊ म्हणायचं, याला काय अर्थ आहे आई?"

हातबाई गप्प झाल्या. अशा बाईनं गप्प होणं म्हणजे काय ते त्या घरातल्यांनाच माहीत. त्या दिवसापासून मायलेकींचा अबोला सुरू झाला. एकाच टेबलाशी बसून जेवायच्या आणि निरोप मात्र नालबंदांमार्फत जायचे. "तिला सांगा, वैरणवाला येऊन गेला." "बाबा, आईला सांगा, मला माहीत आहे." नालबंद बिचारे घास हातात धरून एकदा इकडे एकदा तिकडे बघायचे. एकदा वैतागून म्हणाले, "घोड्यांची तोंडं मोकळी सोडलीत आणि तुमची बांधून ठेवलीत. जरा अदलाबदल करा की!" कुणी हसलं नाही.

हातबाईंनी रिंगणात पाऊल टाकायचं बंद केलं. साहेबावर बसायचंही बंद केलं. गाव म्हणालं, बाई रागावल्या. न्हावी म्हणाला, बाईंचा मान दुखावला. लेकीलाही तेच वाटलं. आणि हातबाईंनी सगळ्यांना तसं वाटू दिलं.

खरी गोष्ट फक्त नालबंदांना ठाऊक होती. हातबाईंची बोटं गेली होती. सांध्यांची सूज आधी हिवाळ्यापुरती यायची, मग ती मुक्कामालाच राहिली. अंगठी रुतून बसली तेव्हा नालबंदांनी खिळे तोडायच्या बारक्या पकडीनं ती कापून काढली. ब्लाउजची बटणं तेच लावून द्यायचे. लेकीशी भांडण व्हायच्या थोडं आधी कालव्याच्या रस्त्यावर हातबाईंच्या बोटांतून लगामाची पट्टी निसटली होती आणि त्यांना कळलंसुद्धा नव्हतं. खाली बघितलं तर पट्टी साहेबाच्या खांद्यावर लोंबतेय. ज्या बोटांना घोड्याच्या जिभेची हालचाल कळायची, त्यांना कातड्याची जाड पट्टी सुटलेली कळली नव्हती. त्या दिवशी त्या घरी आल्या त्या पायी, साहेबाच्या बाजूनं. कुणी विचारलं तर सांगितलं, गुडघा धरलाय.

त्यामुळे भांडण झालं ते एका अर्थी बरंच झालं, असं त्यांना वाटायचं. रागावलेल्या बाईला लोक मान देतात. लुळ्या हातांच्या हातबाईला काय देणार?

त्या वर्षी पानगळ सुरू व्हायच्या सुमाराला जनावरांचे डॉक्टर साहेबाला तपासून गेले. मागचे पाय आखडत चाललेत, म्हणाले. थंडी पडेपर्यंत हलकं ओझं चालेल, थोडं फिरवलेलं चांगलंच. थंडी पडल्यावर मात्र त्याच्या पाठीवर कुणी बसू नका, मोकळा सोडा. नालबंदांनी हे जेवताना सांगितलं, मुद्दाम दोघींना ऐकू जाईल असं, कुणाकडेही न बघता. लेक म्हणाली, "बाबा, आईला सांगा, मी त्याला फिरवत नाही. तो तिचा घोडा आहे." हातबाई ताटात बघत राहिल्या. त्या रात्री त्यांनी ठरवलं, एकदा, एकदाच साहेबाला कालव्यापर्यंत न्यायचं. कुणाला न सांगता. लेकीची मदत न घेता.

सकाळी मुलं यायच्या आधी त्या खाली आल्या. मास्तरांचा लगाम खुंटीवरून काढला. वापर नसला तरी दर आठवड्याला त्या तो पुसायच्या, बोटं जमेल तशी वाकवून. कातडं अजून मऊ होतं. साहेबाच्या गाळ्यात शिरल्या. त्यानं कान टवकारले, नाक त्यांच्या खांद्यावर आणून ठेवलं. "झाली का रजा संपवून?" असा त्याचा एकंदर आविर्भाव. हातबाई हसल्या. दांडी स्वेटरच्या आत काखेत धरून उभ्या राहिल्या. मग लगाम वर उचलला.

उचलला, पण तो कानांपर्यंत जाईना. मनगट वर गेलं आणि बोटांनी कातडं सोडून दिलं. लगाम खाली पडला. उचलला, पुन्हा पडला. पुन्हा उचलला. आणि साहेब काय करत होता? जन्मभराच्या सवयीनं त्यानं मान खाली घेतली होती, अगदी त्यांच्या छातीपर्यंत, आणि तोंड उघडून उभा होता. दांडीची वाट बघत. डोळे अर्धे मिटून, शहाण्या मुलानं औषधासाठी आ करावा तसा. हातबाईंना ते सोसवेना. गाळ्यातली बादली पालथी घालून त्या तिच्यावर बसल्या, लगाम मांडीवर घेतला आणि ढसाढसा रडल्या. एवढ्या वर्षांत तबेल्यात त्या कधी रडल्या नव्हत्या, मास्तर गेले तेव्हाही नाही.

"आई?"

लेक दारात उभी होती. हातात चंदीची घमेली. हातबाईंनी झटकन दोन्ही हात लगामाखाली लपवले.

"आई, हात दाखव."

"जा, मुलं येतील तुझी."

"हात दाखव म्हटलं ना!" आवाज अगदी रिंगणातला, खुद्द हातबाईंचाच. हातबाईंनी निमूटपणे हात पुढे केले. लेकीनं घमेली खाली ठेवली आणि गुडघ्यावर बसली. बोटं बघितली. अंगठीच्या जागचा पांढरा वळ बघितला.

"कधीपासून?"

"झाले दिवस."

"बाबांना माहीत आहे?"

"अंगठी कुणी कापली मग?"

"आणि मला वाटलं तू माझ्यावर रागावून..."

"रागावले होतेच," हातबाई नाक ओढत म्हणाल्या. "ते वेगळं, हे वेगळं. दोन्ही आहेत."

लेकीला हसू आलं आणि हसता हसता तिचेही डोळे भरले. ती बराच वेळ आईची बोटं हातात घेऊन बसली. मग उठली, बाहेर गेली, आणि आली ती घोड्याच्या गळ्यात घालायचा सुती दोर घेऊन.

"मी नाही बसणार त्या दोरावर," हातबाई म्हणाल्या.

"बरं."

"गावात काय तोंड दाखवू?"

"बरं."

साहेब तोंड मिटून आळीपाळीनं दोघींकडे बघत होता. बाहेर झाडांची पानं गळत होती. थंडी काही कुणासाठी थांबणार नव्हती, आणि ते हातबाईंना लेकीपेक्षा चांगलं माहीत होतं. त्या खूप हळू, जमिनीकडे बघत म्हणाल्या, "थांबेल ना गं तो? म्हणजे मी वर असताना. हातात काही नसताना?" आयुष्यात पहिल्यांदा त्या घोड्याला भीत होत्या, आणि ते लेकीपुढे कबूल करत होत्या. लेकीनं चेष्टा केली नाही. "मी आहे बाजूला," एवढंच म्हणाली.

रिंगणात पायऱ्यांच्या ओट्यावरून लेकीनं त्यांना वर चढवलं. खोगीर तेच जुनं. साहेबाच्या गळ्यात सैल दोर, तोंड रिकामं. हातबाईंचे हात नकळत उचलले गेले, पट्ट्या शोधू लागले. काहीच नव्हतं.

"हात मांडीवर ठेव," लेक म्हणाली.

"मग करू काय?"

"काही करू नकोस. नेहमी करतेस ते कर."

हातबाईंनी फाटकाच्या दिशेनं बघितलं, आता तिकडे जायचं तर कसं सांगायचं याला, या विवंचनेत. आणि साहेब वळून फाटकाकडे चालू लागला.

"मी काही केलं नाही!" त्या ओरडल्या.

"केलंस."

त्यांनी कठड्याकडे बघितलं. साहेब कठड्याकडे वळला. मग त्यांनी मुद्दामच, परीक्षा घ्यावी तशी, दूरच्या कोपऱ्याकडे बघितलं आणि अंगात थोडी तरतरी आणली; साहेबानं दुडकी धरली. आखडलेले पाय आधी अडखळले, मग मोकळे झाले. ती जुनी चाल, ती तपासणीला निघालेल्या अधिकाऱ्याची ऐट, सगळं तसंच. हातबाईंच्या तोंडून एक आवाज निघाला, हसण्याचा का रडण्याचा ते त्यांचं त्यांनाच कळलं नाही. आता थांबावं असं मनात आलं, दम सोडून त्या खोगिरात टेकल्या, आणि साहेब थांबला. रिंगणाच्या मधोमध, चारही पाय सरळ.

आनंद व्हायला हवा होता. झालाही. पण त्याच्या पाठोपाठ हातबाईंना असा काही संताप आला, की कानशिलं तापली.

"म्हणजे याला हात नकोच होते?"

लेक साहेबापाशी चालत आली.

"अगं, मग इतकी वर्षं मी काय बोंबलत होते इथं उभी राहून? हात हात हात! अख्ख्या गावाला हात शिकवले मी! आणि हा माझ्या..." त्यांना शब्द सापडेना. "हा माझ्या कमरेचं ऐकत होता?"

"कमरेचं, पाठीचं, खांद्याचं. तुझ्या बघण्याचं. सगळ्याचंच."

"तुला कुणी सांगितलं?"

लेक साहेबाच्या मानेवर हात ठेवून उभी होती. "तूच सांगितलंस. आठव ना, कालव्याच्या रस्त्यावर मी कुठं असायचे? तुझ्या बरोब्बर मागे, त्या काळ्या तट्टावर. तू सगळ्यांना ओरडून हात शिकवायचीस, पण मला तुझे हात कधी दिसलेच नाहीत आई. मला तुझी पाठ दिसायची. पूल येणार असला की तू आधी जरा उंच व्हायचीस. वळायच्या आधी तुझा खांदा वळायचा. थांबायच्या आधी तू श्वास सोडायचीस, तो मागून दिसायचा. मी तेच करायचे, आणि तट्टू चालायचं. त्याचा लगाम मी कधी धरलाच नव्हता, खोगिराच्या पुढे गाठ मारून ठेवायचे. तुला मागे वळून बघायची सवय नव्हती. घोडीचा दात किडला तेव्हा मी नवं काही केलं नाही. मला दुसरं काही येतच नव्हतं."

हातबाई वरून लेकीच्या डोक्याकडे बघत राहिल्या. केसांत गवताची काडी अडकली होती.

"हे मला आधी नाही सांगायचं?"

"मला वाटलं तुला माहीत आहे. माहीत असून तू मला सर्कस म्हणतेस असं वाटलं, म्हणून तर मी तसलं बोलले. लोखंडाबद्दल." लेकीनं साहेबाची आयाळ सारखी केली. "ते बोलायला नको होतं."

"लोखंड मी गरम करून घालत होते," हातबाई म्हणाल्या. भांडण्यासाठी नव्हे, नुसतं सांगितलं.

"माहीत आहे आई. मी बघायचे."

वरच्या खिडकीत नालबंद चहाचा कप घेऊन उभे होते. केव्हापासून उभे होते कोण जाणे, पण चहावर साय धरली होती. त्यांनी खाली कुणाला हाक मारली नाही, एकही विनोद केला नाही.

"तांबडी घोडी काढ," हातबाई म्हणाल्या. "कालव्यापर्यंत जाऊन येऊ. याला फार नको, पुलापर्यंत बास."

"मुलं येतील ना आता."

"येऊ देत. बाबा आहेत. कोपरं खाली घेऊन बसा म्हणावं."

लेकीनं तांबडी घोडी काढली, गळ्यात दोर अडकवला आणि चढली. फाटकापाशी नेहमीसारखी ती साहेबाच्या मागे थांबली. हातबाई हलल्या नाहीत.

"चल ना आई."

"तू हो पुढे."

"मी?"

"मला मागून बघू दे एकदा," हातबाई म्हणाल्या.

लेक पुढे झाली. कालव्याचं पाणी स्थिर होतं, रस्त्यावर गळलेल्या पानांचा थर होता आणि घोड्यांच्या पावलांचा आवाज निम्मा होऊन येत होता. हातबाई हात मांडीवर ठेवून मागून चालल्या होत्या आणि लेकीच्या पाठीकडे बघत होत्या. ती ताठ मान, ते वळणाआधी वळणं, ते पुलापाशी जरा उंच होणं. स्वतःला असं मागून कुणाला बघायला मिळतं? त्यांचे गाल ओले झाले, आणि त्यांनी ते पुसले नाहीत. पण शेवटी चाळीस वर्षं शिकवत आलेली मास्तरीण ती. पुलावर येता येता त्यांच्यानं राहवलंच नाही.

"डावा खांदा पडतोय तुझा!"

लेकीनं मागे वळून बघितलं नाही. खांदाही उचलला नाही.

"तो तुझाच आहे, आई," ती म्हणाली आणि घोडी पुलावर चढली.